दात माहेरचे, हाडं सासरची

माझ्या सासूबाईंच्या तोंडात एकच खरा दात उरला होता, आणि त्या एका दातापायी घरातल्या सगळ्यांची झोप उडाली होती. खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली दाढ. मूळ उघडं पडलेलं, हिरडी सुजलेली, बोट लावलं तरी दाढ हलायची. मी दंतवैद्य. कणकवलीत माझा चांगला चालणारा दवाखाना आहे, अर्ध्या तालुक्याचे दात मी उपटलेत, पण घरातली एक दाढ मला काढता येत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"माई, आत पू झालाय. अंगात भिनेल," मी म्हणायचे.

"भिनांदे," माई म्हणायच्या आणि गालाला गरम मिठाची पुरचुंडी लावून बसायच्या.

माईंचं वय चौऱ्याऐंशी, हट्ट मात्र चार वर्षांच्या पोरीचा. माझा नवरा प्रसाद म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. तो सरळ हात वर करून मोकळा झाला. "तू डॉक्टर, ती पेशंट. मी कोण मधे बोलणारा?" म्हणे.

खरं तर त्या वर्षी दात काढून घ्यायला कोणीच तयार नव्हतं. कारण दंतवाचक. हे यंत्र आलं आणि माझा अर्धा धंदा बसला.

दंतवाचकाचं शास्त्र सोपं आहे. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे हलके-जड असे प्रकार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खडकागणिक बदलतं. जांभ्याच्या सड्यावर एक, खाडीच्या गाळात दुसरं, घाटावरच्या काळ्या मातीत तिसरं. ते विहिरीच्या पाण्यातून, भातातून, भाजीतून आपल्या पोटात जातं आणि कॅल्शियमच्या गर्दीत घुसून दातांत, हाडांत ठाण मांडतं. हाड जिवंत असतं. ते झिजतं, भरतं, काही वर्षांत बरंचसं नवं होतं. दातावरचं एनॅमल मात्र लहानपणी एकदा तयार झालं की झालं, पुढे त्यात काही बदलत नाही. म्हणून दात सांगतो तुम्ही कुठे वाढलात, आणि हाड सांगतं तुम्ही अलीकडे कुठे नांदलात.

हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. नवं होतं ते एवढंच, की आता पेनाएवढं यंत्र दाताला टेकवलं की लेसरनं केसाच्या टोकाएवढा ठिपका जाळून त्याची वाफ तपासली जाई आणि नकाशावर गाव दिसे. सगळ्या कोकणची आणि घाटावरचीही माती मोजून झाली होती. मग सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'स्थानिकांना प्राधान्य' आलं आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून दंतदाखला निघाला. लोक किडलेले दात घेऊन यायचे आणि म्हणायचे, "डॉक्टर, काय वाट्टेल ते करा, पण काढू नका." भूमिपुत्रांच्या नावानं घसा फोडणाऱ्या एका पुढाऱ्याचा सुळा घाटावरचा निघाला, तेव्हापासून तो ओठ मिटून हसतो. बाटलीच्या पाण्यावर आणि बाहेरच्या तांदळावर वाढलेल्या मुलांची तर गंमतच. त्यांचे दात वाचले की नकाशावर कुठेच ठिपका पडत नाही. माझा दात मी वाचून घेतला. सांगोला निघालं. माहेरचं घर भावानं केव्हाच विकलं, पण ते माझ्या दातात अजून होतं हे बघून मला उगाचच बरं वाटलं.

तर मला वाटलं, माईंनासुद्धा हेच वेड लागलंय. एका संध्याकाळी मी चिमटा, इंजेक्शन सगळं ताटात मांडून त्यांच्या पुढ्यात बसले आणि म्हटलं, "तुम्हाला या वयात कोणती नोकरी लागायची राहिलीय?"

माईंनी पुरचुंडी खाली ठेवली. "माका देवळसड्याक जावचा आसा. खाली. त्या भुयारात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

देवळसडा हे माईंचं माहेर. कणकवलीहून तासाभराच्या वाटेवर, समुद्राच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा उघडा सडा आणि सड्याच्या टोकाला सातेरीचं देऊळ. तिथे मूर्ती नाही. गाभाऱ्यात माणसापेक्षा उंच वारूळ आहे, तीच सातेरी. दर वर्षी तिथे माहेरवाशिणींची जत्रा भरते. गावच्या लग्न होऊन गेलेल्या लेकी येतात, देवीसमोर घराण्याच्या नावानं त्यांना हाक मारली जाते आणि हातात नारळ दिला जातो.

माईंना ती हाक कधीच आली नाही. आप्पा, म्हणजे माझे सासरे, त्या गावच्या शाळेत मास्तर होते. जात वेगळी. वीस वर्षांची शेवंता परब त्यांच्याबरोबर निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाची करतात तशी. तिचा बारा वर्षांचा भाऊ बाबल, त्यालाही विहिरीवर उभं करून डोक्यावर घागर ओतली. पुढे प्रसाद लहान असताना माई एकदा जत्रेला गेल्या होत्या. बाबल परब तेव्हा गावकर झाला होता, म्हणजे देवळाचा पहिला मान त्याचा. त्यानं वेशीवरूनच सांगितलं, "आमची शेवंता मेली." माई प्रसादचा हात धरून परत आल्या.

आता त्याच देवळाखाली काय सापडलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं होतं. शोधलं यास्मिन मुकादम नावाच्या मुलीनं. रत्नागिरीची, पुण्यात पुरातत्त्व शिकलेली. तिचा विचार असा, की वाळवी ओलाव्यासाठी खूप खोल जाते आणि खालची माती कणाकणानं तोंडातून वर आणते. म्हणजे वारूळ हा पाताळाचा नमुनाच झाला. तिनं गावाला विचारलं. गावानं देवीला कौल लावला, उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार, आणि यास्मिनला वारुळाची चिमूटभर माती मिळाली. तिच्यात गेरू निघाला, आणि माणसाच्या हाडाची भुकटी. दोन्ही सड्याच्या बऱ्याच खालून आलेलं.

मग तिनं सड्याच्या पोटाशी असलेल्या विहिरींत मोजणीयंत्रं सोडली. आभाळातून म्यूऑन नावाचे कण सतत पडत असतात. ते आपल्यातून जातात, दगडातूनही जातात, पण दगड जाड असला की वाटेत बरेच अडतात. जिकडून जास्त कण पोचले तिकडे दगड कमी, म्हणजे पोकळी. तसं मोजत मोजत चित्र तयार झालं. सड्याच्या पोटात कोरलेलं देऊळ, तीन दालनं, आणि भिंतींत कोनाडे. वाट मोकळी करून आत गेल्यावर कोनाड्यांत कुशीवर निजवलेले सांगाडे दिसले. तीन हजार वर्षांपूर्वीचे, आणि सगळे बायकांचे.

त्यांचे दात वाचले, सगळ्यांचे देवळसड्याचे. हाडं वाचली, तर एकीची समुद्रकाठची, एकीची घाटावरची, एकीची थेट नदीपलीकडच्या मुलखातली. म्हणजे या मुली इथे वाढल्या, लांब लांब नांदल्या, आणि मेल्यावर त्यांना कोणीतरी परत आणलं. मुलाखतीत यास्मिन म्हणाली होती, "दात माहेरचे, हाडं सासरची." हे वाक्य दुसऱ्या दिवशी रिक्षांच्या पाठीवर रंगवलं गेलं. ती आणखी एक म्हणाली होती, त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. या बायकांच्या पहिल्या दाढेच्या अगदी वरच्या भागात तिसऱ्याच कुठल्या तरी गावची माती दिसते, आणि असं का हे कोडं अजून सुटलेलं नाही.

भुयारात माणसांच्या श्वासानं गेरूची चित्रं खराब होतात, म्हणून दिवसाला दहाच जणांना प्रवेश. जत्रेच्या दिवसांत तो मान फक्त माहेरवाशिणींचा, असं गावानं ठरवलं. झालं! जिकडून तिकडून माहेरवाशिणी उगवायला लागल्या. आदल्या वर्षी ठाण्याची एक सबंध भिशी आली होती. शेवटी बाबल गावकरानं टीव्हीवर जाहीर केलं: "दात बघतलोंव. दात खोटा बोलना नाय. जुळलो तर खाली, नाय तर वरसून पाया पडा नि घराक जावा. आणि एकदाच बघतलोंव. परत परत नाय."

हे माईंनी ऐकलं होतं. तेव्हापासून त्या दाढ राखून बसल्या होत्या. भावाशी जनुकं जुळवून नातं सिद्ध करता आलं असतं, पण त्यासाठी भावानं थुंकी द्यायला हवी. दाताला कोणाची परवानगी लागत नव्हती.

"त्यानाच सांगितल्यान मा, दात खोटा बोलना नाय म्हणान?" माई म्हणाल्या. "मगे बघांदे माजो."

मी ताट उचलून आत नेलं. सून म्हणून माझा जीव कळवळला, आणि दंतवैद्य म्हणून धसका बसला. ती दाढ जत्रेपर्यंत टिकली नाही तर? मी जंतुनाशक औषधं सुरू केली, बारीक तारेनं दाढ शेजारच्या कवळीला बांधली आणि माईंना पेजेवर ठेवलं. माणसं देवाला नवस करतात, मी एका दाढेला केला.

जत्रेच्या सकाळी निघताना माई म्हणाल्या, "तुजी पिशवी घे."

"कसली?"

"दात काढुची."

मला वाटलं, वाटेत दुखलं तर असावी म्हणून सांगतायत. मी पिशवी गाडीत टाकली.

सड्यावर ऊन लखलखत होतं. देवळाच्या मागे मांडव, मांडवात दंतवाचक घेऊन बसलेला एक स्वयंसेवक, शेजारी यास्मिन, आणि खुर्चीवर बाबल गावकर. उंच, काटक, पांढऱ्या मिशा. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, पण कपाळ आणि कान थेट माईंचे. बायकांची रांग हसत-बोलत पुढे सरकत होती. एकेकीचं नाव, घराणं, मग आ वासायचा. जुळला की गावकर नारळ द्यायचे आणि देवळाकडे तोंड करून हाक द्यायचे, "परबांची माहेरवाशीण इली गो आये!" लोक म्हणायचे, "व्हय महाराजा!"

माईंचा नंबर आला. त्यांनी माझा हात सोडला.

"नाव?" स्वयंसेवकानं विचारलं.

"शेवंता रामजी परब."

मागची बडबड थांबली. जुन्या बायकांना ते नाव माहीत होतं. गावकरांनी मान वर करून माईंकडे बघितलं.

"शेवंता परब मेली," ते म्हणाले. "आमी आंघोळ केल्लंव."

"तू केल्लंस. मी खंय केलंय?" माई म्हणाल्या. "दात बघ."

नियम त्यांचाच होता. त्यांनी स्वयंसेवकाला मानेनं खूण केली. माईंनी तोंड उघडलं. त्यानं सवयीप्रमाणे दाढेच्या वरच्या टोकाजवळ पेन टेकवलं. बारीक टिक् असा आवाज झाला. पडद्यावर नकाशा आला, ठिपका फिरला आणि थांबला.

सड्यावर नाही. खाली दक्षिणेला, एका खाडीच्या तोंडाशी.

"मोर्वणची खाडी," तो म्हणाला आणि ओशाळून यास्मिनकडे बघायला लागला. "जुळत नाही, मॅडम."

माईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी खाडीर कधी ऱ्हवलंय?" त्यांनी मला अगदी हळू विचारलं, जणू मला माहीत असणार. मग पदर नीट केला आणि वळल्या. तशाच वळल्या असतील त्या, प्रसादचा हात धरून, तेव्हा.

माझं डोकं मात्र फिरलं. "थांबा!" मी ओरडले. "तुम्ही चुकीच्या जागी वाचलंत. ही पहिली दाढ आहे. दाढेचा माथा वरून खाली तयार होत जातो. वरचं टोक बाळाच्या पहिल्या वर्षात बनतं, हिरडीजवळची मान तिसऱ्या वर्षात. इतर बायकांचे तुम्ही पुढचे दात बघता, ते उशिरा बनतात, म्हणून फरक पडत नाही. यांना हा एकच दात आहे. खाली वाचा, मानेशी!"

यास्मिन उठून उभी राहिली. "बरोबर आहे त्यांचं. पण…" तिनं गावकरांकडे बघितलं. एकदाच बघायचं, हा गावाचा ठराव. पुन्हा बघायला परवानगी द्यायची तर ती एकाच माणसानं.

गावकरांना काही बोलायची गरज नव्हती. गप्प बसले असते तर साठ वर्षांची गोष्ट तिथेच, शास्त्राच्या शिक्क्यानिशी, मिटली असती. ना भांडण, ना लाज. मी मनातल्या मनात त्या म्हाताऱ्याला वाट्टेल ते बोलून घेतलं.

"खंयची खाडी म्हणालास?" त्यांनी स्वयंसेवकाला विचारलं.

"मोर्वणची."

गावकर खुर्चीच्या हातावर बोटं दाबून बसले. मग उठले. "मोर्वण," ते म्हणाले, आणि ते कोणाला सांगतायत ते त्यांनाच कळत नसावं. "आमच्या आयशीचा म्हायार. पयल्या बाळंतपणाक थंय गेली नि आजारी पडली. चेडवाक घेवन वरीसभर थंयच ऱ्हवली. आवस सांगी आमका. 'माजा चेडू खाडीचा पाणी पिवन मोठा झाला, म्हणान एवढा हट्टी.'"

चेडू म्हणजे मुलगी. माई थांबल्या होत्या, पण वळल्या नव्हत्या.

"ह्या दुसऱ्या कोणाक म्हायत असूचा नाय," गावकर म्हणाले. "दाताक खोटा बोलूक येना नाय. माका येता. पण आता बस झाला." मग स्वयंसेवकावर खेकसले, "बघतंस काय? खाली वाच!"

त्या पोराला नेमकी जागा कळेना. मी पेन माझ्या हातात घेतलं, माईंच्या गालावर डावा हात ठेवला आणि हिरडीला लागून वाचलं. ठिपका खाडीवरून उठला आणि सड्यावर येऊन बसला.

गावकरांनी नारळ उचलला. देवळाकडे तोंड केलं. हाक दिली, "परबांची… परबांची थोरली माहेरवाशीण इली गो आये!"

"व्हय महाराजा!" सगळा सडा म्हणाला. मीसुद्धा म्हणाले. मी ढसाढसा रडत होते आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

या सगळ्या गोंधळात यास्मिन मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. "बाळंतपण आईच्या माहेरी," ती स्वतःशीच पुटपुटत होती. "तिसरं गाव म्हणजे आईचं माहेर. डॉक्टर, तीन हजार वर्षं! आम्ही दुष्काळ, टोळ्या, स्थलांतर काय काय कल्पना केल्या. आणि माझी स्वतःची पहिली दाढ आजोळची असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही!"

आम्ही खाली गेलो. मला प्रवेश नव्हता, पण माईंना धरायला कोणीतरी हवं म्हणून मान्य झालं. गावकर तोंडाशीच थांबले. "ता तुमचा," एवढंच म्हणाले. श्वास बाहेर पडू नये म्हणून आम्हाला मुखपट्ट्या दिल्या होत्या. पायऱ्या ठेंगण्या होत्या, लहान पावलांच्या. माझ्या मनात आलं, या बायकांनी बायकांसाठीच खणल्या असतील का? यास्मिनला विचारलं. ती म्हणाली, "टाकीच्या घावांवरून उंची काढतोय. अजून कळलेलं नाही." मला तिचं हे 'अजून कळलेलं नाही' फार आवडायला लागलं होतं.

आत गारवा होता. दिवे मंद, गुडघ्याच्या उंचीवर. दालन गोल आणि छत आत वळत गेलेलं. छतावर गेरूच्या तांबड्या रेघा एकमेकींत गुंतत मध्यभागी जात होत्या, आणि तिथून वारुळाची माती खाली उतरलेली दिसत होती. म्हणजे वर ज्या देवीला हात जोडतात तिचे पाय इथे होते. भिंतीत कोनाडे, कोनाड्यांत त्या. गुडघे पोटाशी घेतलेल्या, हात गालाखाली. एकीच्या पोटाजवळ शिंपल्यांचा ढीग होता, दुसरीच्या नाचणीचे काळे दाणे, तिसरीच्या निळसर गारगोट्या, त्या घाटावरच मिळतात.

"जिथून आल्या तिथलं बरोबर दिलेलं," यास्मिन कुजबुजली. "ओटी भरून पाठवल्यासारखं. पण अहवालात मला 'उदराजवळील निक्षेप' असंच लिहावं लागतं."

"लिव गो ओटी," माई म्हणाल्या. "कोण मारता तुका?"

मला प्रश्नांमागून प्रश्न सुचत होते. घाटावरून इथवर यांना कोणी आणलं असेल? खांद्यावरून? निरोप कोणी दिला असेल, आणि किती चालून? सासरच्यांनी सुखानं जाऊ दिलं असेल, की भाऊ जाऊन भांडून घेऊन आला असेल? यास्मिन एकेका प्रश्नाला नकाराची मान हलवत होती. माई मात्र शेवटच्या कोनाड्याशी थांबल्या. तो रिकामा होता. नीट घासून गुळगुळीत केलेला, उशाला उंचवटाही ठेवलेला.

"ही खंय आसा?"

"ही आलीच नाही, माई. जागा करून ठेवली होती. काय झालं कोणास ठाऊक."

माई तिथे खाली बसल्या. त्यांनी कोनाड्याच्या कडेवर हात ठेवला. हात लावायला बंदी होती, पण यास्मिननं दुसरीकडे बघितलं.

"वाट बघीत ऱ्हवली आसतली माणसा," माई म्हणाल्या.

वर आलो तर गावकर तिथेच उन्हात उभे होते. "जेवक चल," त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं, आणि मग जरा थांबून, "बाय." धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला म्हणतो तसं. माई त्यांच्या पुढे चालू लागल्या. वाट त्यांना विचारावी लागली नाही.

घर देवळाच्या पाठीमागेच होतं. जेवणं झाली. यास्मिनलाही बोलावलं होतं. माईंच्या भावजयीनं वाटीत सोलकढी वाढली आणि माई ती सगळी प्यायल्या. मग ओटीवर येऊन खांबाला टेकून बसल्या, तोंड उघडलं आणि मला म्हणाल्या, "आता काढ."

"इथे?"

"मगे पिशवी कित्या घेवक सांगितलंय?"

मी इंजेक्शन दिलं, थांबले, चिमटा लावला. इतके दिवस मला झुलवणारी दाढ एका हिसक्यात हातात आली. इतका सोपा दात मी कधी काढला नव्हता. यास्मिन पुढे झाली. "माई, ही दाढ आम्हाला द्याल? आईचं माहेर आणि तुमचं माहेर, दोन्ही एकाच दातात, आणि सांगणारं माणूस समोर. असा नमुना जगात दुसरा नाही."

माईंनी तोंडात कापसाचा बोळा धरला होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, दाढ माझ्या हातातून घेतली आणि भावाच्या तळहातावर ठेवली.

"टाक," त्या बोळ्याआडून म्हणाल्या.

बाबलमामांना लगेच कळलं. मुलांचे पडलेले दात घराच्या कौलांवर टाकायचे. माईंचे दुधाचे दात त्यांच्या वडिलांनी याच घरावर टाकलेले. मामा अंगणात उतरले, हात मागे घेतला आणि दाढ भिरकावली. पण घरावर आता सौरकौलं होती, काचेसारखी गुळगुळीत. दाढ टणटणत खाली आली आणि तुळशीच्या कट्ट्याशी पडली. मामांनी ती वाकून उचलली, धोतराला पुसली आणि घराच्या मागच्या बाजूला गेले. न्हाणीघरावर अजून जुनी मातीची कौलं होती. या वेळी टक् असा आवाज आला आणि दाढ परत आली नाही.

यास्मिन हताश होऊन वर बघत होती. माईंनी बोळा काढून हातात घेतला आणि आता एकही दात नसलेल्या तोंडानं हसल्या.

"रडू नको गो. तीन हजार वर्सांनी ये. हुडक. मेळात तुका." मग भावाकडे बघून म्हणाल्या, "मगे कळात सगळ्यांका, ह्या घरात एक चेडू होता."